सायबाच्या तुकड्यातलं शेण

१३ ऑक्टोबर २०११, गुरुवार

तिसऱ्या वर्षाचे मातीचे नमुने भरून झाले. पिशव्यांना चिठ्ठ्या लागल्या, कंबर लागली. जांभूळटोलीच्या गायरानातले पाच तुकडे. चार पाळीपाळीने चारायचे आणि मग विसावू द्यायचे, पाचवा उघडा, गावाच्या रोजच्या रीतीने.

तुकडा २ मध्ये लोखंडी कडं ठोकलं, पाणी ओतलं. घड्याळ बघेपर्यंत अर्धं मुरलं. तीन वर्षांपूर्वी याच बरड जमिनीवर पाणी ताटात ठेवल्यासारखं बसायचं. ढोरं तोंड न लावणारा तरोटा गेला, गवत आलं. उघड्या तुकड्यात अजून तरोटाच. इतका सरळ निकाल आयुष्यात पहिल्यांदा.

डोमाजी ढोरकी ढोरांची बरदी बोडीच्या पाण्याकाठी बसवून बघायला आला. अख्ख्या गावची ढोरं एका हाकेवर ठेवणारा माणूस. कड्यात वाकून म्हणाला, "सायेब, हे तं पिऊन राहिली जमीन." यापेक्षा चांगलं वाक्य माझ्या अहवालात येणार नाही.

१५ ऑक्टोबर, शनिवार

गवत कापून तोलायचं राहिलं होतं म्हणून पुन्हा गेलो. तुकडा २ मध्ये पळसाच्या आड उकिडवा बसलो होतो. पायवाटेने दोघी गेल्या, डोक्यावर टोपल्या. एक डोमाजीची सायत्राबाई, दुसरी शेजारीण असावी.

"कावं सायत्रे, इथं येवढं शेन पडून हाये, उचलत काहून नाई?"

"नोको वो माय. सायबाचं हाये थे. आमच्या बुढ्यानं तीन वर्सं बोट लावू देलं नाई. मी तिकडल्या उघड्यातूनच दोन टोपले काढतो रोज."

"अन् मंग सायेब काय करते त्या शेनाचं?"

"काय मालूम. मोजत असन."

दोघी हसत गेल्या. मीही हसलो. मग हातातला विळा खाली ठेवला.

१६ ऑक्टोबर, रविवार

झोप नीट नाही. कागदावर मांडून पाहिलं, उत्तर तेच येतं.

चार तुकड्यांत तीन वर्षं शेण जागेवर कुजलं. उघड्यातून तीन वर्षं उचललं गेलं, तेही दुप्पट, कारण तिला इकडची तूट तिकडून भरायची होती. म्हणजे विसावलेली जमीन आणि न विसावलेली जमीन असं मी मोजलंच नाही. शेण ठेवलेली आणि शेण नेलेली, एवढंच मोजलं. त्याला नाव दिलं पाळीची चराई.

दुपारी बरदी जिथे बसते तिथलं शेण ढोरक्याच्या घरचं, ही रीत आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. मला तर जास्तच. आई आमच्या कोंढ्याला बरदीमागे टोपली घेऊन फिरायची. पो पडला की धावत जाऊन त्यात काडी रोवायची. काडी रोवली की तो आपला, दुसरी बाई हात लावत नसे. काडी रोवायला मी असायचो, पायाने चपळ म्हणून. वरठीला स्टेशनबाहेर सायकली सांभाळून मी बी.एस्सी. झालो, पुढे आणखी शिकलो, माती शिकलो. आणि माझ्या प्रयोगाच्या तक्त्यात गवत आहे, पाऊस आहे, खूर आहेत, मुंग्यांची वारुळंसुद्धा आहेत. शेण कोण नेतं, ते नाही.

बायको, प्रमिला, म्हणाली, "काल कोणाशी भांडून आलात?" म्हटलं, कोणाशी नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

डोमाजीला आडून विचारलं. तंबाखू मळत होता.

"डोमाजी, ह्या चार तुकड्यांतलं शेण बाई उचलत नाहीत का?"

"नाई जी." चेहरा एकदम फुलला. "तुमी पयल्याच दिवशी सांगतलं ना, ह्या तुकड्यातली काडीबी हलली नाई पायजे. मंग शेन कसं हलन?"

"आणि उघड्यातलं?"

"तिथं तुमी म्हनलं, रोजच्यावानी चालू द्या. रोजच्यावानी चालू देलं."

काडी म्हणजे मी लाकूडतोड म्हणालो होतो. तो ऐकणारा माणूस, शब्दाला शब्द लावून ऐकला. त्याच्याइतकं इमानदारीने माझं बोलणं आमच्या खात्यात कोणी ऐकलं नाही.

"गावातल्या दोघी-तिघी शिरल्या होत्या एकडाव," तो म्हणाला. "हाकलल्या म्या. म्हनलं, सायबाचं नाव खराब होईन."

चहा घेतला नाही. घाई आहे म्हटलं. घाई नव्हती.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

एक वाट सुचली. तुकडा ३ ची रस्त्याकडची पट्टी. तिथे शेजारच्या गावच्या बाया येता-जाता शेण उचलतात, त्यांना सायेब माहीत नाही नि डोमाजीचा धाक नाही. म्हणजे विसावा मिळालेली पण शेण गेलेली जमीन मला आयती मिळाली. तिथून वेगळे नमुने घेतले. पिशव्यांवर फक्त 'र' लिहिलं. प्रयोगशाळेतल्या मुलाने विचारलं, "सर, हा र कोणता?" म्हटलं, सहज.

स्वतःच्या प्रयोगावर चोरून पाळत ठेवणारा मी पहिलाच असेन.

२७ ऑक्टोबर, गुरुवार. पाडवा

गायगोधनाला डोमाजीने बोलावलं होतं. आमच्या घरी हा सण नाही, पण बोलावणं टाळवत नाही. मोटारसायकलवरून गेलो. आखरावर, ढोरं जमायच्या मैदानात, गाव जमलेलं, ढोरांची शिंगं गेरूने रंगवलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. गोवारी मंडळींची ढाल, उंच सजवलेली काठी, नाचत होती, डफ असा की छातीत वाजावा. डोमाजी नव्या फेट्यात. आजचा दिवस त्याचा. ज्याची गाय त्याने राखली, तो प्रत्येक जण त्याला सुपात काहीतरी घालतो.

जेवायला त्याच्याच घरी. सायत्राबाई चुलीशी फुंकून फुंकून बेजार. ओली लाकडं. मी म्हटलं, गोवऱ्या नाहीत का? म्हटलं आणि जीभ चावली.

"गोवऱ्या पुरत नाई जी आता. एका तुकड्याच्या शेनात काय होते. जंगलात जातो काडीकचऱ्याले. मांगल्या साली गार्डानं कुऱ्हाड नेली माही." मग हसून, "लय रडलो नाई म्या. बोथी होती."

मुगाची वडी घातलेली भाजी होती. दोनदा वाढली. खाल्ली. वर आणखी मागून घेतली, म्हणजे बोलायला नको.

४ नोव्हेंबर, शुक्रवार

'र' चा निकाल आला. मातीचा कस दाखवणारा कर्ब उघड्या तुकड्यापेक्षा किंचित बरा, बस. तुकड्याच्या आतल्या भागाशी तुलनाच नको. विसाव्याने गवताला थोडा हातभार लागला, हे खरं. मातीचं काम शेणाने केलं.

शंका होती तोवर बरं होतं.

रात्री जेवताना प्रमिलाला सगळं सांगितलं. ती शाळेत शिकवते, ऐकून घेण्याची सवय आहे. शेवटी म्हणाली, "मग लिहा ना तसं."

"एवढं सोपं नसतं ते."

"शाळेतली पोरं पण हेच म्हणतात," ती म्हणाली आणि ताटं उचलली.

९ नोव्हेंबर, बुधवार

संशोधन केंद्राच्या मुख्य साहेबांनी बोलावलं. निकालाचे आलेख भिंतीला लावून ठेवलेत. "जिल्ह्यात हेच राबवू. तारेचं कुंपण, फाटकं, पाळ्या. तुम्ही शिफारस लिहून द्या." मग खुर्ची पुढे ओढून, "आणि मजुरी वाचते ते पण लिहा. वरच्यांना तेच वाचायचं असतं."

बोलायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, "तुमच्यासारखा खालून वर आलेला माणूस हे करतो, याचा मला फार आनंद आहे."

तोंड मिटलं. बाहेर येऊन वाक्य लिहिलं: 'कुंपण झाल्यास पूर्णवेळ गुराख्याची आवश्यकता राहत नाही.' सुबक वाक्य आहे. एका बैठकीत उतरलं.

७ डिसेंबर, बुधवार

भंडाऱ्याला सादरीकरण. सभागृह भरलेलं. टाळ्या. मागच्या रांगेत एक निवृत्त कृषी अधिकारी, कानाला यंत्र लावलेले, उठले. "तुकड्यांतल्या शेणाचं काय केलं?"

सबंध सभागृहात एकच माणूस माती बघितलेला.

मी म्हणालो, "विसावलेल्या तुकड्यांत जनावरांचं शेण जागच्या जागीच राहिलं, सर." यात शब्दही खोटा नाही. उघड्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. ते "वा" म्हणाले आणि बसले.

जेवणात गुलाबजाम होते. तीन खाल्ले असं प्रमिलाला सांगितलं, कारण ती तेवढंच विचारत होती.

८ जानेवारी २०१२, रविवार

सकाळी दारात डोमाजी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरी. पवनीहून बसने, पुढे चालत. हातात लाखोरीच्या भाजीची मोठी जुडी, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. खुर्चीवर बसेना. शेवटी प्रमिलाने दटावलं तेव्हा काठावर टेकला.

"सायेब, सरपंच म्हनून राहिला का बरदी बंद. तार लागन, फाटक लागन, ज्याचं ढोर त्यानं सोडावं. मंग मी काय राखू?"

मी प्रमिलाला चहा ठेवायला सांगितलं.

"थो म्हन्ते कागदात लिवलं हाये, ढोरकी नाई लागत. म्या म्हनलं, आमच्या सायबाचा कागद नसन थो. दुसऱ्या कोनाचा असन." मग माझ्याकडे बघून, "सव्वीस तारखेले गरामसभा हाये. तुमी येऊन येवढं सांगून द्या जी, का थो कागद तुमचा नोहे."

चहा दिला. बशीत ओतून प्याला. मी म्हटलं, येतो सभेला. कागद कोणाचा ते नाही सांगितलं.

तो गेल्यावर प्रमिला भाजी निवडत बसली. मग म्हणाली, "कोवळी आहे." बस.

१८ जानेवारी, बुधवार

मुख्य साहेबांना सांगितलं. आधी दार लावून घेतलं. शेण, सायत्राबाई, 'र', सगळं. ते शांतपणे ऐकत राहिले. वाईट माणूस नाही.

"कधी कळलं?"

"ऑक्टोबरात."

"आणि शिफारस?"

"नोव्हेंबरात."

चष्मा काढून पुसत राहिले. "पुढच्या अहवालात मर्यादा म्हणून एक ओळ टाका. शेण उचलण्याच्या स्थानिक प्रथेचा परिणाम अभ्यासणे गरजेचे, असं. आता मागे घेतलं तर केंद्राचं हसं होईल, आणि तुमचं तर..." वाक्य सोडून दिलं. पुढचं मी घरी येईपर्यंत पूर्ण केलं.

एक ओळ. ओळ बरीच लांबवता येईल, पण डोमाजी तिच्यात मावत नाही.

२६ जानेवारी, गुरुवार

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा. सरपंच चतुर, गोड बोलणारा, मी त्याच्या जागी असतो तर तसाच वागलो असतो. त्याने फाइल उघडून माझं वाक्य मोठ्याने वाचलं. 'पूर्णवेळ गुराख्याची आवश्यकता राहत नाही.' खाली सही वाचली. डोमाजी मागे खांबाला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याच्याकडे पाहिलं, म्हणून ठाऊक आहे.

उठलो. म्हटलं, कागद माझाच. पण त्यात चूक आहे. माती तारेने सुधारली नाही, नुसत्या विसाव्यानेही नाही. ह्या माणसाने आणि त्याच्या बाईने तीन वर्षं त्या तुकड्यांतलं शेण उचललं नाही, त्याने सुधारली. मला ते उशिरा कळलं, आणि कळल्यावरही मी ते वाक्य लिहिलं.

मग मागून एक पोरगा, "म्हन्जे कमाल शेनाची हाये, सायबाची नाई." हशा. मीही हसलो, सवय आहे. हशा थांबला तरी सरपंच हसला नाही.

"सायेब, तुमचा मान हाये. पन हे तुमचं तोंडी. हे," फाइलवर बोट ठेवून, "सही-शिक्क्याचं. तुमी म्हनता ते बी सही-शिक्क्यानं आना. धा तारखेले पंचायतीची बैठक हाये, तार मंजूर कराची का नाई तवा पाहू."

रास्त बोलला. त्याच्यावर चिडायलाही जागा नाही.

लोक उठत होते तेव्हा सायत्राबाई बायांच्या घोळक्यातून पुढे आली. पदर नीट केला. भांडायचा सूर नव्हता, बाजारात भाव विचारावा तसा.

"मंग तीन वर्सांचं शेन कोनाच्या नावानं लिवलं जी तुमी?"

"कोणाच्याच नाही."

"असं," म्हणाली, आणि डोमाजीला घेऊन गेली. तो जाताना नेहमीसारखा हात जोडून गेला. जोडले नसते तर बरं झालं असतं.

२९ जानेवारी, रविवार

पत्राचे चार मसुदे. चौथा प्रमिलाला वाचायला दिला. लाल पेनच हातात होता तिच्या, वह्या तपासत होती. 'अनवधानाने' या शब्दाखाली रेघ मारली.

"हे काय?"

"म्हणजे, लक्षात आलं नाही..."

"ऑक्टोबरात आलं होतं."

"आधी नव्हतं."

"मग दोन वाक्यं करा. एक आधीचं, एक नंतरचं."

दोन वाक्यं केली. दुसरं लहान आहे, पण ते लिहायला दुपार गेली. सायत्राबाईचं आणि डोमाजीचं पूर्ण नाव घातलं. आडनाव मला माहीतच नव्हतं. तीन वर्षं. कोंढ्याच्या एका ओळखीच्याला फोन करून विचारलं.

६ फेब्रुवारी, सोमवार

पत्र कार्यालयात नेलं. आवक-जावकचा कारकून जुना मित्र. वाचून त्याने उलटं ठेवलं. "सर, शिक्का मुख्य साहेबांच्या कपाटात. ते रजेवर, तेरा तारखेला येतील."

"बैठक दहाला आहे."

"मग तुमच्या एकट्याच्या सहीने पाठवा. पण ते केंद्राचं नाही ठरणार, तुमचं ठरेल." मग हळूच, "नोकरीची किती राहिली?" सांगितलं. त्याने पत्र मला परत दिलं, पाकिटासकट.

दुपारी जांभूळटोली. आखरावर बरदी अर्धी. काही घरांनी आतापासूनच ढोरं सोडणं बंद केलंय. डोमाजी म्हणाला, "लोकं बी काय करन, आज ना उद्या तार लागनच म्हन्ते." माझ्याशी आधीसारखाच बोलतो, फक्त मधे मधे थांबतो.

तुकडा २ च्या खुंटीजवळ सायत्राबाई, काखेत रिकामी टोपली. आत शेण पडलेलं, ताजं आणि वाळलेलं.

म्हटलं, "बाई, उचला आता. प्रयोग संपला."

"कागद आला का जी?"

"लिहिलाय. शिक्का व्हायचा आहे."

खिशाकडे बघितलं तिने. पाकिटाचं टोक वर आलं होतं.

"मंग राहू द्या," म्हणाली. "तुमी थो आनून देसान, मंग उचलीन. उद्या कोनी म्हनावं नाई का शेनासाठीच भांडली." टोपली पालथी घातली आणि तिच्यावर बसली, बरदी परतायची वाट बघत.

मी गाडीला किक मारली. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा लागली.

पाकीट आता टेबलावर आहे. शिक्क्याशिवाय, एका सहीने देता येतं. प्रमिला म्हणाली, "उद्या शाळेला सुट्टी आहे, मी पण येते पंचायतीत पाकीट द्यायला." बघू म्हटलं. मग 'बघू' का म्हटलं म्हणून विचार करत बसलो. अजून बसलोच आहे.